‘शस्त्रक्रिया यशस्वी’ म्हणजे नेमके काय?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली की वर्तमानपत्रात तिची बातमी येते. या बातमीचा साचा आता ठरून गेला आहे. डॉक्टरांच्या चमूचे छायाचित्र, आईच्या कडेवर डोक्याला पट्टी बांधलेले बाळ, खर्चाचा लाखांतला आकडा आणि वर मथळा: ‘शस्त्रक्रिया यशस्वी, बाळाला ऐकू येऊ लागले.’ बातमी वाचून कोणालाही आनंद व्हावा, तसा आपल्यालाही होतो. पण विज्ञान शिकवणाऱ्याने ती पुन्हा एकदा वाचावी. मथळ्याचा दुसरा भाग त्या दिवशी खरा असूच शकत नाही आणि पहिल्या भागाचा अर्थ बातमीत कुठेच सांगितलेला नसतो.

दुसऱ्या भागाचे आधी पाहू. या उपकरणाचे दोन भाग असतात. एक भाग कानामागच्या हाडावर, त्वचेखाली बसवतात. त्याला जोडलेली बारीक तार आंतरकर्णातल्या कर्णावर्तात, म्हणजे शंखाप्रमाणे वेटोळे असलेल्या पोकळीत, सरकवतात. दुसरा भाग कानावर बाहेरून लावायचा असतो. आवाज टिपणारा मायक्रोफोन आणि त्या आवाजाचे विद्युतसंकेत करणारा प्रोसेसर या बाहेरच्या भागात असतात. जखम भरल्यावर, सामान्यतः दोन ते चार आठवड्यांनी, हा भाग लावून यंत्र सुरू करतात. पट्टी बांधलेल्या बाळाजवळ मायक्रोफोनच नसतो, तर त्याला ऐकू कोठून येणार?

ही चूक तशी लहान आहे आणि उत्साहाच्या भरात होते. खरी तक्रार पहिल्या भागाबद्दल आहे. ‘यशस्वी’ हे कोणी ठरवले, कशावरून आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल? शस्त्रक्रियागृहात बाळ भुलीखाली असतानाच यासाठी एकामागून एक तपासण्या होतात. या विषयातले सर्वांत शिकण्याजोगे विज्ञान त्या तपासण्यांत आहे. बातम्यांतून ते गळते आणि आपल्या लोकविज्ञानाच्या लेखांतूनही गळते. आपण ‘कृत्रिम कान’, ‘विज्ञानाची किमया’ असे शब्द वापरतो आणि पुढे जातो. पाठ्यपुस्तकाचेही तसेच. २०१७ साली आलेल्या बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात, ध्वनीच्या पाठात मानवी कान येतो, कर्णावर्त येते, कंपनांचे विद्युतसंकेत होतात हेही येते. पण कर्णावर्तात कोणता स्वर कुठे ओळखला जातो, हा प्रश्न तेथे येत नाही. तो प्रश्न घेतल्याशिवाय कॉक्लिअर इम्प्लांट समजत नाही.

कर्णावर्तातले पडदे

सांगली जिल्ह्यातल्या शिक्षकांना हा प्रश्न समजावून द्यायला साधन दूर शोधायला नको. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातात. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीच्या दांडीवरचे पडदे आठवा. घोडीजवळच्या पडद्यावर तार दाबली की उंच स्वर निघतो. तेथून खुंट्यांकडे सरकत गेले की स्वर उतरत जातो. प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते.

कर्णावर्ताची रचना अशीच आहे. ते सुमारे अडीच वेटोळ्यांचे असते आणि उलगडले तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. त्याच्या तोंडाशी उंच स्वरांची जागा असते. आत शेंड्याकडे जावे तसतशी खालच्या स्वरांची जागा येते. या रचनेचा प्रायोगिक अभ्यास करणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की त्याच वर्षी लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी आंतरकर्णात विजेची तार बसवण्याच्या पहिल्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांनी पुढे विकसित केलेल्या यंत्रात एकच वाहिनी होती. तिच्यामुळे आवाज झाल्याचे कळे, बोलण्याची लय कळे, पण केवळ तेवढ्यावर शब्द कळणे अवघड असे. एकाच पडद्यावर सगळा राग वाजवण्यासारखे ते होते. मेलबर्नला ग्रॅहॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक वाहिन्यांचे यंत्र बसवले, तेव्हा निरनिराळ्या जागी निरनिराळा संकेत देणे शक्य झाले. आजच्या तारांवर, कंपनीप्रमाणे, १२ ते २२ विद्युतअग्रे असतात.

आता ‘तार नीट बसली’ याचा अर्थ उलगडतो. बावीस अग्रे आत गेली एवढे पुरत नाही. प्रत्येक अग्र आपापल्या पडद्याशी गेले पाहिजे.

बसवताना काय चुकू शकते? तार अर्धवट आत जाऊ शकते. ती खालच्या दालनात राहायची, तर मधला नाजूक पडदा फाडून वरच्या दालनात शिरू शकते. क्वचित ती कर्णावर्त सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेकडे जाते. आणि कधी तिचे टोक आत गेल्यावर उलटे वळून दुमडते. हा शेवटचा प्रकार शंभरात एकदोन वेळा आढळतो. वेटोळ्याच्या आतल्या भिंतीला लगटून बसणाऱ्या तारांत तो अधिक दिसतो. टोक दुमडले की खालच्या स्वरांसाठीचे बाविसावे अग्र सोळाव्याच्या शेजारी येऊन बसते. दोन वेगळे स्वर एकाच पडद्यावरून वाजू लागतात.

मोठ्या माणसाच्या बाबतीत असे झाले तर तो पुढे सांगेल, ‘आवाज येतो, पण गोंधळ वाटतो.’ दीड वर्षाचे मूल काय सांगणार? त्याने आवाज म्हणजे काय हेच कधी अनुभवलेले नाही. जे मिळेल तेच त्याला जगाचे आवाज वाटतील. चूक लक्षात यायला वर्ष-दोन वर्षे जातील, आणि भाषा शिकण्यासाठी सर्वांत मोलाची वर्षे नेमकी तीच असतात. म्हणून मूल टेबलावर असतानाच तपासायचे. त्या वेळी तार काढून पुन्हा बसवता येते.

चार प्रश्न, चार उत्तरे

पहिला प्रश्न: यंत्राची मंडले पूर्ण आहेत का? प्रत्येक अग्रातून अगदी लहान प्रवाह सोडतात, विभवांतर मोजतात आणि भागाकार करतात. नववीत शिकवला जाणारा ओहमचा नियम तो हाच. उत्तर सामान्यतः काही किलो-ओहम येते. ते अतोनात मोठे आले तर तार कोठे तरी तुटली आहे किंवा अग्राशी हवेचा बुडबुडा अडकला आहे. अगदीच लहान आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. बुडबुडा असेल तर बहुधा थोड्या वेळाने आकडा आपोआप सुधारतो, म्हणून घाईने निष्कर्ष काढत नाहीत.

दुसरा प्रश्न: श्रवणचेता प्रतिसाद देते का? एका अग्रातून विजेचा ठोका द्यायचा आणि शेजारच्या अग्राने ऐकायचे. चेतातंतूंचा प्रतिसाद अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या आत येतो आणि तो काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्ट एवढाच असतो. दिलेला ठोका त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. ढोल वाजत असताना कुजबुज ऐकायची, असा हा प्रकार आहे. यावरची युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. चेतातंतू एकदा प्रतिसाद दिल्यावर क्षणभर विसावतो. म्हणून लागोपाठ दोन ठोके देतात. दुसऱ्या ठोक्याच्या वेळी ढोल असतो, पण कुजबुज नसते. ही नोंद एकट्या ठोक्याच्या नोंदीतून वजा केली, आणि पहिल्या ठोक्याचा उरलेला परिणामही तसाच हिशेबात घेतला, की कुजबुज शिल्लक राहते. आयोवा विद्यापीठातील कॅरोलिन ब्राऊन, पॉल ॲबस आणि ब्रूस गँट्झ यांनी १९९० मध्ये इम्प्लांट बसवलेल्या माणसांत अशी नोंद प्रसिद्ध केली. त्या दशकाच्या उत्तरार्धात ही सोय यंत्रातच आली.

तिसरा प्रश्न: हा संकेत मेंदूकडे पोहोचून परत येतो का? मोठा आवाज झाला की मध्यकर्णातल्या रिकिबीच्या हाडाला जोडलेला लहानसा स्नायू आखडतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या देठातून होते. अग्राला संकेत दिल्यावर तो स्नायू आखडताना शल्यविशारदाला सूक्ष्मदर्शकातून दिसतो. मात्र भूलतज्ज्ञाने स्नायू सैल करणारे औषध दिले असेल तर तो हलणार नाही, आणि भुलीच्या काही वायूंनीही ही क्रिया मंदावते. म्हणजे तपासणीचे उत्तर वाचताना दुसऱ्या टेबलावर काय चालले आहे हेही ठाऊक हवे.

चौथा प्रश्न: तार आहे कोठे? याला थेट उत्तर क्ष-किरण चित्राचे. विशिष्ट कोनातून चित्र घेतले की शंखाच्या वेटोळ्यात अग्रांचे मणी ओळीने दिसतात. टोक दुमडले असेल तर तेही दिसते. अलीकडे विजेनेही हे पाहता येते. एका अग्रातून प्रवाह सोडून बाकी सर्व अग्रांवरचे विभव मोजतात. अंतर वाढेल तसे विभव उतरत गेले पाहिजे. दूरच्या क्रमांकाचे अग्र जवळच्यासारखे वागू लागले, तर तार दुमडली असल्याचा संशय घ्यायचा.

एका उत्तरावर दुसऱ्याचा भार नको

येथे वैद्यकीय माहितीपत्रकांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. ‘यंत्राला नसेचा प्रतिसाद मिळाला, सर्व ठीक आहे’ असे पालकांना सांगितले जाते. पहिले वाक्य खरे असले तरी त्यातून दुसरे निघत नाही. तार दुमडलेली असतानाही चेतातंतूंचा प्रतिसाद चांगला येऊ शकतो, कारण दुमडलेले अग्रही कोणत्या ना कोणत्या चेतातंतूजवळ असतेच. उलट, टेबलावर प्रतिसाद न मिळालेली काही मुले पुढे ऐकू लागली आहेत. म्हणजे प्रतिसाद आला तर जागा बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही आणि आला नाही तर सगळे फसल्याचेही सिद्ध होत नाही. तपासणी चांगली आहे, फक्त तिला विचारलेला प्रश्न दुसरा आहे.

तंबोरा करणारा कारागीर हे जाणतो. तार ताणली गेली का, हे बोटाला कळते. ती सुरात लागली का, हे कानाला कळते. आणि जवारी नीट लागली का, हे घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून, पुन्हा पुन्हा छेडून पाहावे लागते. तार तुटलेली नाही म्हणून तंबोरा लागला असे तो कधी म्हणणार नाही.

क्ष-किरण चित्र प्रत्येक वेळी घ्यावे का, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. कर्णावर्ताची रचना सामान्य असेल, सरळ तार विनासायास आत गेली असेल, तर चित्र कशाला, असे काहींचे म्हणणे आहे. चित्राला वेळ लागतो आणि थोडा किरणोत्सर्गही होतो. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तरीही शेकड्यात एकदोन ही संख्या तिसऱ्या-चौथ्या गावातल्या एका मुलाची असते, आणि चूक टेबलावरच कळली तर दुसरी शस्त्रक्रिया वाचते. जखम शिवून मूल शुद्धीवर आल्यावर घेतलेले चित्र नोंदीसाठी उपयोगी आहे. दुरुस्तीसाठी आधी घेतलेलेच उपयोगी. प्रस्तुत लेखकाचे मत त्यामुळे चित्राच्या बाजूने पडते.

हा खर्च अनेकदा सार्वजनिक पैशातून होतो, हेही ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारच्या अपंगांना साधने पुरवण्याच्या योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. तेव्हा दर वर्षी ५०० बालके आणि प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत यंत्राची किंमत अशी तरतूद होती. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिच्या कामाचे केंद्र ठरली. बातमीत हा लाखांचा आकडा हमखास येतो. बावीसपैकी किती अग्रे आत गेली, हा आकडा कधी येत नाही. पालकांना तो कागदावर मिळाला पाहिजे. रोधाचे आकडे, चेतातंतूंचा प्रतिसाद आणि क्ष-किरण चित्राची प्रत मुलाच्या फाइलमध्ये असावी. विटा-खानापूरकडची अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या राज्यांत असतात. मूल उद्या तिकडे गेले तर तेथल्या श्रवणतज्ज्ञाला ही फाइलच आधार देईल.

वर्गात करून पाहा

गवंड्याकडे पातळी पाहायची पारदर्शक नळी असते. तिचा तुकडा बाटलीभोवती अडीच वेढे देऊन बांधा. एका लवचीक तारेवर सारख्या अंतराने २२ खुणा करा आणि क्रमांक घाला. नळी कागदाने झाका आणि विद्यार्थ्यांना तार आत सरकवायला सांगा. मग विचारा, आत ती सरळ आहे की दुमडली, हे कागद न काढता कसे ओळखाल? मुले बऱ्याच युक्त्या सुचवतील. त्यांतल्या काही शस्त्रक्रियागृहातल्याच असतील.

दुसरा प्रयोग विजेचा. तीस सेंटिमीटर लांबीची सुती नाडी मिठाच्या पाण्यात भिजवा आणि प्लास्टिकच्या पट्टीवर पसरा. तिच्या दोन टोकांना खिळे टोचून नऊ व्होल्टची बॅटरी जोडा. मल्टिमीटरची एक तार ऋण टोकाला धरा आणि दुसरी धन टोकापासून तीन-तीन सेंटिमीटर पुढे नेत आकडे लिहा. ते क्रमाने उतरतील. आता नाडीचे ऋण टोक वळवून वीस सेंटिमीटरच्या खुणेवर टेकवा आणि पुन्हा मोजा. विसाच्या पुढे आकडे उतरायचे थांबतात. न पाहता दुमड सापडली. इम्प्लांटमधली मोजणी हुबेहूब अशी नसते, पण विभवाच्या उतारावरून जागा ओळखण्याचे तत्त्व तेच आहे.

शेवटची तपासणी शाळेत

शस्त्रक्रियागृहातल्या चारही प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तरी पाचवा प्रश्न उरतो: मुलाला बोलणे कळते का? याचे उत्तर कोणतेही यंत्र टेबलावर देऊ शकत नाही. यंत्र सुरू झाल्यावर प्रत्येक अग्राला किती प्रवाह द्यायचा याचे मॅपिंग होते आणि ते पुन्हा पुन्हा जुळवावे लागते. सोबत काही वर्षे वाचा-उपचार चालतात. पुणे साताऱ्याहून शंभरावर किलोमीटर आहे, सांगलीहून सव्वादोनशेच्या घरात. जत, आटपाडी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवरून दर खेपेला मजुरी बुडवून जायचे, तर ‘यशस्वी’ या शब्दाचा आधार घेऊन खेपा कमी होतात. मथळ्याचे खरे नुकसान येथे होते. जे काम नुकते सुरू झाले आहे, ते संपले असे तो शब्द सांगतो.

शिक्षकाला यात करण्यासारखे पुष्कळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात, आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. हाकेला न वळणारे मूल त्यांना दाखवावे. इम्प्लांट असलेले मूल वर्गात असेल तर डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची चाचणी रोज सकाळी दोन मिनिटांत होते. म्, ऊ, आ, ई, श्, स् हे ते आवाज. बोलण्यातल्या खालच्या स्वरांपासून सर्वांत उंच स्वरांपर्यंतचा पट्टा त्यांत येतो. मुलाला ओठ दिसणार नाहीत असे उभे राहा आणि एकेक आवाज क्रम बदलून, मध्ये कमीअधिक थांबून म्हणा. आवाज ऐकू आला की मुलाने डब्यात मणी टाकायचा. काल स् ऐकणारे मूल आज ऐकत नसेल, तर बॅटरी संपली आहे, वायर खराब झाली आहे किंवा मॅपिंग पाहायला हवे. वहीत तारीख घालून लिहा आणि पालकांना कळवा.

एक सावधगिरी आपल्याच भागासाठी. घरी ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणत असतील तर मूलही तेच म्हणेल. तो बोलीचा संस्कार आहे, ऐकण्याचा दोष नव्हे. म्हणून या चाचणीत मुलाच्या उच्चाराला गुण देऊ नयेत, त्याला आवाज ऐकू आला का, एवढेच नोंदवावे.

तेव्हा यापुढे अशी बातमी हाती आली तर ती फलकावर जरूर लावावी आणि खाली मुलांकडून पाच प्रश्न लिहून घ्यावेत. मंडल पूर्ण आहे का? चेता बोलते का? स्नायू हलतो का? तार जागेवर आहे का? आणि मुलाला बोलणे कळते का? यातल्या किती प्रश्नांची उत्तरे बातमीत आहेत, ते मुलांनीच मोजावे.